दोनशे दहा ते चौदाशे

मोंटेव्हिडिओत जुलै म्हणजे कडक थंडी.
तळघरातला हीटर नुसताच गुणगुणतो.
नेलिदा एचेगोयेन स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून
पडद्यासमोर बसलीये,
बगलेत थर्मास, मुठीत मातेचा भोपळा.

फर्मीन दारातूनच सांगतो: जुळला!
पूल जुळलाय, सत्त्याण्णवावी चकती बघा.

ती बघते.
तांदळाच्या दाण्याएवढं माशाचं पिल्लू,
त्याच्या एकशे ऐंशी चकत्या,
सुरीनं नाही, उजेडानं कापलेल्या,
एकावर एक चळत.
आणि सत्त्याण्णवावीत
तुटलेल्या मज्जारज्जूच्या दोन टोकांमध्ये
ठसठशीत हिरवा धागा.

शेजारच्या खिडकीत दुसरं पिल्लू,
औषध न दिलेलं.
तीच जागा. तिथे काळोख.

कॉन्ट्रास्ट कसा लावलास?
ऑटो.
सगळ्या चळतीला मिळून?
नाही, प्रत्येक चकतीला. आपापला.

नेलिदा काहीच बोलत नाही.
भोपळ्यात पाणी ओतते, कडेकडेनं.

तिचे वडील नगरपालिकेत वजनमाप तपासनीस होते.
रविवारी त्रिस्तान नार्वाखाच्या बाजारात
फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला पितळी किलो घेऊन फिरायचे.
बटाटेवाल्याच्या काट्यावर तो,
मासळीवालीच्या काट्यावर तोच,
सख्ख्या मेहुण्याच्या काट्यावरही तोच.
त्या रविवारी मामा जेवायला आला नाही,
पुढच्याही नाही.

ती पहिली चकती उघडते.
इथे मासा अजून सुरूही झालेला नाही,
नुसतं पाणी आहे.
पण ऑटोनं चांदणं पेरलंय सगळीकडे:
कॅमेऱ्याची स्वतःशीच चाललेली कुजबुज
ताणून ताणून आरोळी केलेली.
रिकामी चकती, भरलेली चकती,
सब घोडे बारा टक्के.

गंमत बघ, ती म्हणते,
प्रत्येकाला वेगळं माप लावलं
की सगळे सारखे दिसतात.

मग ती दोन्ही पिल्लांच्या दोन्ही चळती उघडते,
तीनशे साठ चकत्यांचा उजेड एका आलेखात ओतते,
काळ्याची हद्द दोनशे दहा, पांढऱ्याची चौदाशे,
आणि तेच दोन आकडे
पहिल्या चकतीपासून शेवटच्या चकतीपर्यंत
न चुकता, न द्रवता.

चांदणं विझतं. पाणी पाणी होतं.
सत्त्याण्णवावीतला धागा बारीक होतो,
फर्मीन खुर्चीची पाठ धरतो,
बारीक होतो, पण जात नाही.

आणि दुसऱ्या खिडकीत,
जिथे मघाशी काळोख होता,
तिथे कोपऱ्यात धुळीचा एक कण लकाकत होता इतका वेळ.
त्या एका कणापायी ऑटोनं बाकी सगळं दाबलं होतं.
आता कण नुसता कण आहे,
आणि दोन टोकांमध्ये
तितकाच बारीक, तितकाच हिरवा
धागा.

फर्मीन मोजतो. पुन्हा मोजतो.
तीन महिने, चाळीस पिल्लं, औषधाच्या अकरा कुप्या.
आणि हे, ज्याला कुणी काही दिलंच नाही,
हेही आपलं आपण जुळलेलं.

खालच्या चकत्या तरी, तो म्हणतो,
खोलवर उजेड पोचत नाही,
तिथे अंधार खोटा आहे ना?
आहे, ती म्हणते.
तिथे वाढवायचा असेल तर वाढव,
दोघांनाही तेवढाच वाढव,
आणि चित्राखाली लिही की वाढवलाय.

वरच्या रस्त्यावरून बस जाते,
टेबल किंचित थरथरतं.
ती वहीत आकडे उतरवते.
फर्मीन न बोलता हात पुढे करतो,
ती भोपळा त्याच्याकडे देते.

फिका झालाय, तो म्हणतो.
दहावं पाणी आहे, ती म्हणते,
दहाव्या पाण्याचा असाच लागतो.
नवी पत्ती टाकू नकोस आत्ता.