टोच्या

उद्यमनगरात, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मी भाड्यानं राहते.
खाली रात्रभर कॉम्प्रेसर घुमतो,
वर माझ्या पडद्यावर एक हिमनग सरकतो,
दक्षिण ध्रुवाकडून सुटलेला.
त्याला नाव नाही. एक अक्षर, दोन आकडे,
ट्रकच्या पाटीवर असतात तसे.

लाइट गेली की मी खाली उतरते.
दस्तगीर शिकलगार पोतं अंथरून बसलेला असतो
मिठाच्या हौदाकाठी.
हौदातलं खारं पाणी गोठत नाही,
त्यात बुडवलेल्या डब्यांतलं गोडं गोठतं.
एवढं कळायला मला सहा वर्षं कॉलेजात घालवावी लागली.

"आज केवढा हाय तुमचा?"
"कागलपासून पन्हाळ्यापर्यंत."
तो डोळे मिटतो, एसटीनं जाऊन येतो.
"आन् उंची?"
"वर दहा मजले. पाण्याखाली सत्तर-ऐंशी."
"म्हंजे दिसतोय त्यो निस्ता मिशीचा शेंडा."

चैत्रातल्या एका पहाटे मी सांगितलं, मोडला.
त्यानं चहाची बशी खाली ठेवली.
"टोच्या कुणी मारला?"

मी गडबडले.
म्हटलं, कुणी नाही.
उन्हानं पाठीवर तळी साचली,
पाणी भेगेत शिरलं, आणि पाणी बर्फापेक्षा जड,
ते भेगेला खाली खाली उसवत गेलं.
लाटांनी कमरेशी खाच पाडली, वरचा कडा ढासळला,
पाण्याखालचा पाय तसाच पुढं राहिला.
त्या पायाला वर यायचं होतं.
महिनाभर तो फक्त वर यायला बघत राहिला,
आणि अंगच वाकून तुटलं.

"पायानं मोडला," दस्तगीर म्हणाला.
मग कोपऱ्यातली लादी ओढून दाखवली
तिच्या पोटातली पांढरी रेघ.
"ह्यो कोंडलेला वारा. कान लावा."
बारीक बारीक तडतडत होतं,
तेलात मोहरी पडावी तसं.
तिकडं हजारो वर्षांचा वारा असाच फुटत असेल
आणि त्या गोंगाटात देवमाशांना
एकमेकांची हाक लागत नसेल.

पुढचं मी त्याच्या नातीला सांगितलं,
सुट्टीला आलेल्या हसीनाला.
वितळलेलं गोडं पाणी हलकं,
ते खाऱ्यावर सायीसारखं धरतं.
खालचं वर, वरचं खाली, हा रोजचा राबता अडतो.
"मग समुद्र मरतो?"
नाही गं. बर्फात लोखंडाची पूड असते,
डोंगर खरवडून आणलेली.
ती सांडली की शेवाळ माजतं,
आभाळातून दिसेल इतकं हिरवं.

हसीना उठली. शेजारच्या फाउंड्रीतून
लेथखालचा मूठभर कीस घेऊन आली,
बादलीत टाकला, आणि वाकून बसली.
दुसऱ्या दिवशी पाणी तांबूस झालं.
ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तुकडे एका बेटाच्या उथळ तळाला टेकले,
तळ नांगरत फिरले,
पुन्हा सुटले, पुन्हा मोडले.
आमचा नियम असा:
ठराविक मापाखाली आला
की यादीतून काढायचा.
काल शेवटचा काढला.
शेरा लिहायच्या रकान्यात आधी 'संपला' लिहिलं,
खोडलं,
'मोजता येत नाही' लिहिलं,
आणि जिन्यावर येऊन उभी राहिले.

खाली मासळीवाल्या यमुनाबाई कोळेकर आल्या होत्या.
दस्तगीरनं लादीवरून तळवा फिरवला,
एक जागा शोधली,
टोच्या टेकवला. मारला म्हणता येणार नाही.
लादी दुभंगली.
अर्धी टोपलीत, अर्धी ओल्या भुश्शात,
आणि चुरा फरशीवर.

"परवापेक्षा बारीक दिलास व्हय रे!"
"तेवढाच हाय, बाई," तो म्हणाला,
पायाखालचं पाणी झाडूनं दाराकडं लोटत.
"पसरलाय निस्ता."