डिसेंबरातला कूलर

डिसेंबरात मी कूलर लावला.
नवरा गोधडीतून म्हणाला, बरं आहे ना तुझं?
बाहेर आठ अंश. मानेवाड्यातली कुत्रीसुद्धा
शेकोटीच्या राखेत मुटकुळं करून निजलेली,
आणि माझ्या मानेपाशी कोणीतरी
भट्टीचं दार उघडून विसरून गेलेलं.

मे महिन्यात सोपं होतं.
सेहेचाळीसमध्ये कोणाची आग कोणती, कोण विचारतं?
सगळं शहर ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन फिरतं,
त्यात माझंही एक डोकं.
थंडीनं मला उघडं पाडलं.

मेडिकलच्या रेकॉर्ड रूममध्ये बसते मी,
लोकांच्या दुखण्यांना नाड्या बांधते.
स्वतःचा कागद हातात आला तेव्हा दोनदा वाचला:
वय एक्कावन्न. पाळी बंद, चौदा महिने.
डॉक्टर पोरगीच होती. म्हणाली, गोळ्यांचंही बोलू,
पण चालायला लागा काकू. वजनं उचला.
मनात म्हटलं, बाई गं,
सिलेंडर, बादल्या, सासूबाईंना पलंगावरून न्हाणीपर्यंत,
उचलणं काय मी आता शिकू?

शिकवलं सुकेशनी गजभियेनं.
अजनीच्या रेल्वे मैदानावर, पहाटे साडेपाचला,
दोन लिटरच्या बाटल्या, आत कन्हानची रेती.
"आतापर्यंत दुसऱ्यासाठी उचललं न वो," ती म्हणाली,
"हे कोणासाठीच नाही. ठेवा खाली.
उचला परत."

शालू पराते यायची, गुडघ्यांत चिवडा भरल्यासारखी कुरकुरत.
तरन्नुम चालता चालता रडायची. कारण नसायचं.
आम्ही विचारायचो नाही, तीही पाय थांबवायची नाही,
चौथ्या फेरीपर्यंत ओढणी वाळून जायची.

झोप लगेच नाही आली.
पहिले तीन आठवडे नुसत्या पोटऱ्याच बोलल्या.
रात्री दोनला उठून मी पंख्याची पाती मोजायची,
तीनच निघायची.
मग एका गुरुवारी दूधवाल्याच्या हॉर्ननं जाग आली
आणि कळेचना,
मधली रात्र कोणी नेली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी
शालूनंच चपलेनं रेघ ओढली. लंगडी, म्हणाली.
आम्ही हसलो, मग पदर खोचले.
सुकेशनीच्या मागे धावताना मध्येच
उघडलं ते भट्टीचं दार. कान तापले, पाठ भिजली,
आणि पहिल्यांदा मला ओळखता येईना
कोणता घाम आतला, कोणता धावण्याचा.
अजनीकडून मालगाडी निघाली होती,
गार्डच्या हातात हिरवी झेंडी.
आमच्यासाठी नसेल. तरी मी सुकेशनीला बाद केलं.

अजून येतं ते. परवाच आलं, साहेबांच्या टेबलासमोर.
मी खिडकी उघडली, न विचारता,
ते गेल्यावर फायलीची नाडी बांधली.
तरन्नुमचं रडणं कमी झालंय. शालूचे गुडघे तसेच.

परवा घरी आले तर अंगणात नवरा,
माकडटोपी घातलेला,
नळी लावून कूलर भरत होता.
खसची ताटी नवी.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मेपर्यंत कोण थांबून राहणार?"