पाच हजार लिरा

सावोनाहून निघालेलं जहाज, सातवा मजला, आतली खोली.
खिडकी नाही. खिडकीच्या जागी टीव्हीचा पडदा,
त्यावर समुद्र दाखवतात, चोवीस तास, फुकट.
लेशेक म्हणाला, बंद कर, वीज जाते.

एक्क्याण्णव साली आलो तेव्हा
तोरुन्यहून बस होती.
मांडीवर स्टोव्ह, पायाशी मांसाचे डबे,
उकडलेली अंडी, तीही मोजून.
रोममध्ये एक आइस्क्रीम घेतलं, चमचे दोन मागितले,
देणाऱ्यानं आमच्याकडे पाहिलं
आणि तीन दिले.
तिसरा अजून घरी आहे, मिठाच्या बरणीत.

आता रात्री अकरालाही कोळंबी मिळते.
टॉवेलचा हंस करून ठेवतो कुणी पलंगावर,
लेशेक तो उलगडत नाही,
अंग पुसतो स्वतःच्या शर्टानं.

लिव्होर्नोला उतरून पिसा.
मनोरा होता तितकाच कललेला.
फोटो ताडून पाहिला:
लेशेकचा डावा खांदा तेवढा जास्त उतरलाय.
रोमला आमची बस उभी राहायची ती जागा शोधली,
सापडली नाही, किंवा सापडली आणि कळली नाही.
भांडलो. मग एका बाकावर बसून
जहाजावरून चोरून आणलेले पाव खाल्ले.
ते मात्र अगदी तेव्हासारखे लागले.

नेपल्सला मी त्याला म्हटलं, आज चर्च नको.
त्याला माहीत होतं मी कुठे जाणार.

तेव्हा माझ्या बुटाचा तळ सुटला होता
आणि एका बोळात एक चांभार, तोंडात खिळे धरलेला,
न विचारता खाली बसला, पाय ओढून घेतला.
काम झाल्यावर आम्ही खिसे उलटे करून दाखवले.
तो खिळ्यांमधूनच म्हणाला, जाताना द्या.
बस दुसऱ्याच रस्त्यानं गेली.
आणि घरी आल्यावर कोटाच्या अस्तरात
पाच हजारांची नोट निघाली.
आमचीच, आम्हीच शिवून ठेवलेली, अडीअडचणीला.
ती अडचण आम्हाला ओळखूच आली नव्हती.

बोळ सापडला. दुकानात मोबाइलची कव्हरं.
पोरगा म्हणाला, चांभार? इथे? कधी?
वर चौथ्या मजल्यावरून एक म्हातारी ओणवी होऊन
सगळं ऐकत होती. तिनं दोरीनं टोपली सोडली,
भाजीवाल्यासाठी सोडली असेल,
पण ती आमच्यासमोर येऊन थांबली.
मी नोट टाकली. टोपली वर गेली.
क्षणभर काही नाही.
मग अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं ओरडून
तिनं ती नोट खाली पाठवली.
पोरगा हसत सांगू लागला,
म्हणते, हे चालत नाही, मला मूर्ख समजता?

लेशेकनं पिशवीत हात घातला.
तोरुन्यचे आल्याचे बिस्किट, हृदयाच्या आकाराचे,
बहिणीनं दिलेले, वाटेत एक मोडलेलं.
टोपलीत ठेवले, मोडकंही ठेवलं.
वर गेली टोपली.
ती ओरडली नाही. आभारही मानले नाहीत.
खिडकी लावल्याचा आवाज आला.
चांभार तिचा कोण होता, होता की नव्हता,
विचारायचं राहून गेलं.
साडेपाचला शिडी उचलतात.

धावलो. या वयात धावलो,
बंदरावर जहाज उभं होतं, शहरापेक्षा उंच,
त्याच्या सावलीत मासे विकणारे आवरायला लागले होते.
वर पोचल्यावर लेशेक बराच वेळ खोकला
आणि खोकल्याच्या मध्येच म्हणाला,
बिस्किटं शिळी तर नव्हती ना गं?

रात्री मी पडदा लावला, समुद्राचा.
तो काही बोलला नाही.
एका पायात मोजा तसाच ठेवून झोपला.
नोट माझ्या उशाखाली. खालून इंजिनाची घरघर,
आणि पडद्यावर लाटा,
आम्ही जातोय त्याच्या उलट्या दिशेनं.