दुसरी पाळी

उद्यमबागेत ओतकाम करून आलेल्या माणसाच्या
कपड्यांतून काळी वाळू घरापर्यंत येते.
आई उंबऱ्यावरच झटकायला लावायची.
भरमाण्णाला आता हे माहीत नाही,
तरी बाहेरून आला की तो उंबऱ्यावर थांबतो
आणि स्वच्छ पँट झटकतो.

मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

सिव्हिलमध्ये बाराव्या दिवशी त्यानं डोळे उघडले,
नर्सबाईंची बोटं मोजली: ओंदु, एरडु, मूरु.
आम्ही दोघं वडगावच्या मराठी शाळेतले.
काका म्हणाले, "टाळक्यातबी सरकार घुसलं बघा."
सगळे हसले. मीही हसलो, मग
पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसलो.
पुढं कळलं, कारखान्यात तो
साचे कन्नडातच मोजायचा, बसाप्पाच्या जोडीनं.
चार-पाच दिवसांनी मराठी परत आली.
नावं आली नाहीत.

"तू कोण म्हणालास?"
"गुंडू. धाकटा."
"व्हय की," तो म्हणतो, अदबीनं,
परक्या घरी चहा घेतल्यासारखा.

रात्री त्याला झोप नसते. मी गोष्ट सांगतो.
एकीत साखळी तुटतच नाही,
तो हात धुतो, सायकल काढतो,
तिसऱ्या रेल्वे गेटला मालगाडीचे डबे मोजत थांबतो
आणि घरी येतो.
एकीत साखळी तुटते, पण तेव्हाच लाईट गेलेली असते
आणि सगळे बाहेर विड्या ओढत उभे.
एकीत कारखानाच नाही: येळ्ळूरच्या गडावर
दोघं भाऊ कच्ची करवंदं मिठाला लावून खाताहेत.
ही त्याला आवडते. चीक ओठांना चिकटला का,
हे तो दर वेळी विचारतो.

एक गोष्ट मी सांगत नाही.
तिच्यात मंगळवार आहे, आनंदवाडीत कुस्त्या आहेत,
दुसरी पाळी माझी आहे,
आणि मी म्हणतोय, "आजच्यापुरता जा की गा, अण्णा."
ती इतकी लहान आहे
की सांगायला घेतली तर तिथंच संपेल.

काल वाटाण्याच्या शेंगा सोलताना
भरमाण्णाच बोलायला लागला.
"तुला आठवायचं नाही. मी सांगतो.
कारखान्यात तुझ्या डोक्यावर पडलं.
बारा दिवस तू डोळे उघडले नाहीस.
मी उशाशी होतो. बोटं मोजायला लावायचो.
अजून तू नावं विसरतोस, असू दे.
झोपत नाहीस म्हणून रात्री गोष्टी सांगतो,
त्यातल्या काही खोट्या आहेत. रागावू नको."

शेंग तशीच माझ्या हातात राहिली.
नाही, असं म्हणायचं होतं.
"पुढं?" म्हणालो.

त्यानं माझं डोकं स्वतःकडं ओढलं,
केसांत चाचपत राहिला.
बोटांना वाटाण्याचा हिरवा वास.
"हितं कुठंतरी असणार की रे."
उजव्या कानाच्या वर बोट थांबलं.
मी चौथीत असताना त्यानंच मारलेली विटी,
तीन टाके, वर आईची हळद.

"हे बघ," तो म्हणाला, "सापडलं."
आणि त्या जागेवर फुंकर घातली,
तेव्हा घातली होती तशीच, दोनदा,
मग जरा थांबून
तिसऱ्यांदा.