तिळाचा भाव

जानेवारीत ग्वाल्हेरला दहापर्यंत सूर्य नसतो.
चिटणीस की गोठमधलं धुकं जिना चढून वर येतं
आणि मी गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन
गजकवाल्यांचे हिशेब भरत बसते.
तीन दुकानं, एक भट्टी,
आणि हंगामापुरता एक ठेला
ज्याला पक्क्या बिलाचा राग येतो.

प्लायवूडच्या पलीकडे शर्वरी.
ते प्लायवूड तिच्या दहावीला ठोकलं,
तुझ्या बोटांचा आवाज येतो, म्हणाली होती.

दिवाळीत मात्र तिनेच जोडून दिलं सगळं.
आता तुझा कॉम्प्युटर नि माझा टॅब आपले आपण भेटतील,
तुला काही करायचं नाही, आई.
खरंच काही करायचं नव्हतं.
माझा बाण पडद्याच्या उजव्या कडेला गेला
की कड ओलांडून थेट तिच्याकडे,
गल्लीतली बोकी जाते तसा, कुणाच्याही गच्चीवर.
"आई, आला बघ तुझा बाण!"
मग मी त्याला ओढत परत आणायची.
हसायचो.

मंगळवारी
एका रकान्यातला आकडा उचलला, दुसऱ्यात ठेवला.
उचलणं आणि ठेवणं यांच्या मधे
पलीकडे तिनेही काही उचललं असणार,
कारण माझ्या तक्त्यात उमटलं:

तीळ, सोललेले, दर किलोला
आईला अजून सांगितलं नाहीये

आधी वाटलं, भट्टीवाल्या तोमरांच्या मुलाचं काही असेल.
पण त्याला मराठी कुठलं येतंय.
आणि त्या 'नाहीये'मधला लांबवलेला ये
मी वीस वर्षं ऐकतेय.

खोडत गेले, मागून पुढे, एकेक अक्षर.
शेवटी नुसतं 'आई' उरलं.
तिथे बोट जरा थांबलं.

दुपारी ती कॉलेजात. टॅब चार्जिंगला, पालथा.
त्याचा आकडी कुलूपशब्द माझीच जन्मतारीख आहे.
माझी आई माझी आंतर्देशीय पत्रं
न फोडता खिडकीत उजेडाला धरायची;
घडीच्या आत जेवढं दिसेल तेवढं वाचायची
आणि उरलेलं मनाने भरायची.
मनाने भरलेलंच जास्त महागात पडलं
आम्हा दोघींना.
टॅब पालथा होता. पालथाच राहू दिला.

माझ्याच यंत्रात शोधत बसले मग,
कुठल्या पाटीखाली कुठली कळ.
'जवळची उपकरणं' अशी एक यादी निघाली.
शर्वरीचा टॅब: जवळ आहे.
खालच्या भदौरियांचा टीव्ही: जवळ आहे.
यंत्राचं जवळ तीस फुटांत मोजलेलं,
त्याला प्लायवूड दिसत नाही.
आपोआप जोडा, असं लिहिलं होतं, पुढे हिरवा ठिपका.
मी तो राखाडी केला.
त्याने विचारलं, नक्की?
पुन्हा जोडायचं तर दोन्हीकडून परवानगी लागेल.
म्हटलं, लागू दे.
भदौरियांच्या टीव्हीलाही, लगे हाथ, रामराम.

संध्याकाळी बाण उजव्या कडेला गेला
आणि थडकला.
दोन-तीनदा मुद्दाम नेऊन पाहिला. थडकला.

रात्री ती दारात. मफलर नाकापर्यंत.
"जोडणी तुटली का गं?"
"तोडली."
"का?"
"तिळाच्या भावात घोळ व्हायला लागला."

ती काही बोलली नाही.
मीही तक्त्यात बघत राहिले, चाळिसावी ओळ,
जिच्यात काहीच नव्हतं.
नमुन्याला आलेला गजकचा डबा उघडा होता,
तिने एक वडी मोडली,
अर्धी माझ्या कीबोर्डवर ठेवली,
सगळे तीळ अक्षरांच्या फटींत.
एरवी ओरडले असते.

मग पलंगाच्या कडेवर बसली,
पाय वर घेतले, माझी पिशवी ओढून घेतली,
म्हणाली, गार झालीये ही.
मी पाणी तापवायला उठले.
"नको," ती म्हणाली, "बस ना जरा."