पहिले सोळा एमबी

कुटाइसीत, तिसऱ्या मजल्यावर,
वाझाला एक गेम हवा होता.
मावशीच्या लिनक्सवर तो चालेना,
म्हणून शेजारी विंडोज टाकायला बसला.
ही जागा रिकामी दिसते, घेऊ?
त्सिउरी अंजिरांचा मुरंबा ढवळत म्हणाली, घे.

रिकामी नव्हती.
कुलूपबंद डिस्क परक्याला तशीच दिसते,
नाव नाही, गाव नाही.

मला बोलावलं तोवर सोळा एमबी गेले होते,
फक्त सुरुवातीचे.
बाकी सगळं जागच्या जागी:
नऊ वर्षांच्या द्राक्षवेली, कोणती कधी फुटली,
कोणती एप्रिलच्या थंडीत काळी पडली.
एकही अक्षर पुसलेलं नाही.
वाचता मात्र कुणालाच येणार नाही, मलाही.
बॅकअप? मी विचारलं.
ती नुसती हसली.

पासवर्ड तर तिला तोंडपाठ.
किल्ली कनवटीला आणि कुलूपच चोरीला.

वाझा रडवेला, एवढा अठरा वर्षांचा घोडा.
तिनं डाव खाली ठेवला,
आणि नऊ वर्षं कुणाला न सांगितलेलं
मोठ्यानं सांगितलं:
झांबाखा, पुढे जुन्या घराचा नंबर, उलटा.

झांबाखा कोण?

गाय, ती म्हणाली. एक शिंग वाकडं.
बस, सांगते.