पन्नास फूट पट्टी

गठ्ठ्याचा कोपरा पिवळा पडला तेव्हा
शेठनं भाड्यातून साडेसहाशे कापले
आणि करपलेला टॉवेल माझ्या अंगावर टाकला :
घे, तुझाच झाला.
मे महिना, पारा चव्वेचाळीस.
सोलापुरात वरचं ऊन कुणी मोजत नाही,
पण माझ्या टेंपोला खालूनही एक होतं,
फळीच्या चार बोटं खाली,
गंजकं, वाकडं, आधीच्या मालकाकडून आलेलं.

दस्तगीर मिस्त्री म्हणाले, पाइपाला कपडे घाल.
मला वाटलं चेष्टा करतायत.
आठवड्यानं पार्सल आलं : काचेच्या धाग्याची पट्टी,
दोन इंच रुंद, पन्नास फूट लांब,
सोबत स्टीलचे बारा पट्टे
आणि बारीक इंग्रजीतला एक कागद.
तो मिस्त्रींनी चहाच्या कपाखाली ठेवला.

रविवारी विडी घरकुलात, आमच्या दारापुढं,
टेंपो विटांवर चढवला.
पाइप उतरवून तारेच्या ब्रशनं घासला.
जुन्या मालकाचा गंज कुठला, माझा कुठला,
सांगता येईना.
पट्टी बादलीत भिजवली, गुंडाळायला बसलो.
तीन वेढे नीट.
वळणावर सगळं सैल.
सोडलं. पुन्हा.
पुन्हा वळणावर पट्टीला पोट सुटलं,
आणि कोपरापर्यंत काचेची खाज.

आई उंबऱ्यात, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, कात्री.
सोमवारी हजार विड्या द्यायच्या होत्या.
बघत नाही असं दाखवत ती बघत होती.
"काय करालास बे?
एक हात ओढतो, एक हात फिरतो.
दोन्ही ओढायला लागले की पान फाटतं."

मग सूप बाजूला सारून आलीच.
बाह्या खाली ओढ, म्हटलं, काच आहे त्यात.
"तंबाखूनं बेचाळीस वर्षं काय गुलाबपाणी लावलं हाताला?"
तरी पदर मनगटाला गुंडाळून घेतला.
पाइप मांडीवर आडवा. जड होता, तिला चालला.
पट्टीची किनार नखानं तपासली :
"विणलंय बरं. कुठल्या गावचा माग?"
मला माहीत नव्हतं.
कागदावर आता चहाचं गोल वळं होतं.

वेढ्यावर वेढा,
प्रत्येकाला अर्ध्या बोटाचा पदर.
वळण आलं तशी ती बोलायची थांबली.
आतून दाट, बाहेरून विरळ,
अंगठा दाबत दाबत पुढं.
मिस्त्री पक्कड धरून उभे,
त्यांच्याकडं पट्टे आवळायचंच काम उरलं.
टोक आलं, आणि सवयीनं तिनं
पट्टी पाइपाच्या तोंडावर दुमडून
नखानं बंद केली.
"अगं, धूर तिकडूनच जायचाय."
"हं," म्हणाली. उलगडली.

संध्याकाळी गाडी चालू केली.
पाच मिनिटांत सगळ्या वेढ्यांमधून
पांढरा, सावकाश धूर.
शेजारची राजम्मा ओरडली, पेटलं, पेटलं!
मिस्त्री म्हणाले, पहिल्यांदा निघतोच, ओल वाळतीय.
आणि हे बघ, ऊब कुठं जात नाही, आतच राहते,
दोन वर्षांनी पाइप बघून घे.

आई उंबऱ्यात परत, सूप तसंच पुढं,
कात्री हातात, पान न कापता :
"एवढी मोठी मी कधी वळली नव्हती.
आणि बिड्डा,
माझी एक पण
माझ्यासमोर पेटवली नव्हती कुणी."

गाडी बंद करायला हात गेला होता.
मी ती अजून थोडा वेळ चालू ठेवली,
डिझेल जळू दिलं.

सोमवारी तिच्या विड्या ऐंशी कमी भरल्या.
किती कापले, तिनं सांगितलं नाही.
मी गठ्ठे भरले, चप्पल काढली,
फळीवर उघडा पाय टेकवला.
फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीइतकं गरम.
अक्कलकोट रोडला लागेपर्यंत
तो तसाच ठेवला.